पद्माबाईंचं झाकण

कळमनुरीहून आखाडा बाळापूरकडे निघालं की डाव्या हाताला, रस्त्यापासून जरा आत, माळावर पत्र्याच्या खोल्यांच्या दोन लांबच लांब ओळी दिसतात. जीपवाले त्या ठिकाणाला ‘पत्रे’ म्हणतात. “पत्रे कोन उतरनार हाय?” असं जीपवाला ओरडला की पूर्वी तिथली माणसं रागानं गप्प बसायची आणि पुढे जाऊन उतरायची. आपल्याला नदीकाठचं चांगलं गाव होतं, मारुतीचं देऊळ होतं, विहार होतं, मग हे ‘पत्रे’ कुठून आले? आता कोणी रागावत नाही. हात वर करतात आणि उतरतात.

गाव पुरात गेलं तेव्हा साहेब लोकांनी सांगितलं होतं, हे तात्पुरतं आहे, दिवाळीपर्यंत. कोणत्या दिवाळीपर्यंत, ते विचारायचं राहून गेलं. त्यानंतर किती पावसाळे त्या पत्र्यांवर वाजून गेले. तिथं लेकरं जन्मली, म्हातारी माणसं गेली, लग्नंसुद्धा लागली. नव्या गावठाणाची जागा मोजून झाली आहे, पुन्हा मोजून झाली आहे आणि मोजणाऱ्यांना दर वेळी चहा पाजून झाला आहे. शेडच्या तोंडाशी ‘तात्पुरता निवारा’ अशी पाटी आहे. तिचाही रंग उडत आला.

या पत्र्यांत पद्माबाई राहतात. वय साठीच्या पुढे, अंगानं काडी, पण आवाज असा की त्या निंदायला गेल्या तर पलीकडच्या शिवारातल्या बायका यांच्या गाण्यावर खुरपं चालवायच्या. लग्न होऊन सेनगावकडून त्या या गावात आल्या तेव्हा सासूनं तोंडावर सांगितलं होतं, सून म्हणून भोंगा आणलाय. पुढे तीच सासू जयंतीच्या दिवशी पहिल्या रांगेत बसून ‘ही माझी सून’ असं परगावच्या बायकांना सांगायची. पद्माबाईंच्या भीमगीतांसाठी लोक बैलगाडी जुंपून यायचे. नवरा किशनराव ढोलकीवर असायचे. किशनराव गेले, ढोलकी पुरात गेली, आवाज तेवढा मागे राहिला. मुलगा भीमराज पुण्याला कंपनीत आहे. दर रविवारी फोन करून इकडे राहायला ये म्हणतो. “तिथं कोनी कोनाला आवाज देत न्हाई बाबा, माझा जीव लागायचा न्हाई,” असं म्हणून त्या विषय मोडून टाकतात.

जुन्या गावात घरांच्या भिंती मातीच्या होत्या, हातभर रुंद. त्या भिंतींच्या आत माणसाला भांडता येत होतं, रडता येत होतं, बायकोची माफी मागता येत होती. पत्र्याच्या खोलीत यातलं काही करायची सोय नाही. एका घरात ठसका लागला तर तिसऱ्या घरातली बाई ‘पानी पी गं’ म्हणते. साहेब लोकांनी पाण्याचा विचार केला, संडासांचा अर्धामुर्धा केला, पण माणसाला मधूनमधून कोणी न ऐकणारी जागा लागते, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. येणार तरी कसं? त्यांच्या घरांना भिंती होत्या.

पहिल्याच उन्हाळ्यात देविदास आणि त्याची बायको करुणा यांचं भांडण झालं. लेकरू होत नाही यावरून. नवरा-बायकोनं एकमेकांच्या कानात बोलायच्या गोष्टी भर दुपारी सगळ्या वस्तीनं ऐकल्या. दुसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर आला तेव्हा करुणा पदर नाकापर्यंत ओढून उभी होती. कोणी काही विचारलं नाही, कोणी हसलंही नाही. पण सगळ्यांना सगळं माहीत आहे हे तिला माहीत होतं. तिनं रिकामी घागर उचलली आणि तशीच परत गेली. पद्माबाईंनी ते पाहिलं. घर गेलं, भांडी गेली, शेतातली माती गेली, आता या पोरीची अब्रूही चव्हाट्यावर पडली, असं त्यांना वाटलं.

पुढच्या वेळी देविदासच्या खोलीतून आवाज चढायला लागले तेव्हा पद्माबाई दारात तूर निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि गळा मोकळा सोडला. असा सोडला की रस्त्यावरच्या एसटीतल्या माणसांनी खिडकीतून वळून पाहिलं. भांडणातला एक शब्द कोणाच्या कानापर्यंत आला नाही. आधी बायका चक्रावल्या, मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या तोंडाला पदर लावून हसल्या. संध्याकाळी करुणा थालीपीठ घेऊन आली. थालीपीठ ठेवलं, पाया पडली आणि गेली.

तेव्हापासून पत्र्यांत एक रीत पडून गेली. कोणाच्या घरात आवाज चढला, कोणी हुंदके द्यायला लागलं की शेजाऱ्यांनी काहीतरी वाजवायचं. कोणी मोबाइलवर गाणी लावायचं, कोणी पातेली घासायला काढायचं. पद्माबाई घरी असल्या तर दुसऱ्या कोणाची गरजच पडायची नाही. आणि दुसऱ्या दिवशी टँकरवर त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. याला लोक ‘झाकण घालणं’ म्हणायला लागले. आजीनं झाकण घातलं, असं लेकरंसुद्धा म्हणायची. एकदा पद्माबाईंचंच भीमराजशी फोनवर वाजलं आणि त्या मोठ्यानं रडल्या, तेव्हा समोरच्या जिवनबाईंनी गाऊन झाकण घातलं. जिवनबाईंचा आणि सुराचा कधी संबंध आलेला नाही. ते ऐकून पद्माबाईंना रडता रडता हसू फुटलं. “जिवने, बस कर माय,” त्या म्हणाल्या, “माझं रडनं परवडलं.”

हे सगळं चांगलंच होतं. ज्यांच्या भिंती वाहून गेल्या त्यांनी एकमेकांसाठी आवाजाच्या भिंती उभ्या केल्या. त्यांना नावं ठेवायची कोणाची छाती असेल तर त्यानं आधी उन्हाळ्यातली एक दुपार त्या पत्र्याखाली काढून दाखवावी.

पद्माबाईंच्या शेजारच्या खोलीत, मधे एकच पत्रा, रत्नपाल राहायचा. नदीच्या पुलाजवळ त्याचं पंक्चरचं दुकान होतं. ते हवेच्या मशीनसकट वाहून गेलं. नंतर तो बाळापूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलायला जायला लागला. त्याची बायको सपना हसतमुख होती, कामाला वाघीण. पत्र्यांत आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात पाणी खराब आलं आणि घरोघर कावीळ झाली. बाकीचे उठले, सपना उठली नाही. मागे राहिली मुलगी, पौर्णिमा. तिला सगळे पुनी म्हणायचे. सपनाच्या बाळंतपणात या पोरीला पहिल्यांदा हातात घेतलं होतं ते पद्माबाईंनी. आई गेल्यावर तिच्या केसांना तेल लावणं, वेण्या घालणं त्यांच्याचकडे आलं. पोरगी त्यांच्या मांडीवर बसून शाळेतल्या कविता म्हणायची आणि मधेच विचारायची, “आजी, माझा आवाज तुझ्यासारखा व्हईल का?”

“माझ्यापेक्षा मोठा व्हईल,” पद्माबाई म्हणायच्या.

रत्नपाल दारू पीत नव्हता. पीत असता तर लोकांना बोलायला सोपं गेलं असतं. तो मोंढ्यातून यायचा, हातपाय धुवायचा आणि पत्र्याला पाठ लावून गप्प बसायचा. पुनीनं तोवर भाकरी केलेली असायची. नऊ वर्षांच्या पोरीची भाकरी ती, कधी जाड, कधी करपलेली. एके दिवशी ती जास्तच करपली. पत्र्यापलीकडे चापट वाजली आणि पोरगी रडली. पद्माबाई गायल्या. बापानं लेकराला एक चापट मारली, यात धावत जाण्यासारखं काही त्यांना वाटलं नाही. त्यांच्या आईनं त्यांना मारलं होतं, त्यांनी भीमराजला मारलं होतं.

मग चापटीचा पट्टा झाला. पट्ट्याचा आवाज निराळा असतो. तो पद्माबाईंना कळला, जिवनबाईंना कळला, दोन्ही ओळींतल्या सगळ्या घरांना कळला. सगळ्यांनी ऐकलं आणि झाकलं. कोणाचा मोबाइल वाजला, कोणाचं पातेलं वाजलं, आणि सगळ्यांच्या वर पद्माबाईंचा आवाज लागला.

आवाज थांबला की पद्माबाई भाकरी कुस्करून, वर दूध घालून वाटी घेऊन जायच्या. पोरीच्या पाठीला हळद-तेल लावायच्या. पुनी खाली बघत म्हणायची, “आजी, मी पडले.”

“व्हय माय,” पद्माबाई म्हणायच्या, “पडलीस.”

आणि रीतीप्रमाणे दुसऱ्या दिवशी कोणी काही बोलायचं नाही. पोरगी भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा शाळेचा सदरा घालून टँकरवर उभी राहायची आणि बायका तिला पुढे घ्यायच्या, तिची घागर आधी भरून द्यायच्या. एवढी माया सगळ्यांनी केली. तिच्या बाहीला मात्र कोणी हात लावला नाही.

शाळेच्या भिंतीवर लेकरांच्या तक्रारीचा फोन नंबर हातहात लांबीच्या आकड्यांनी रंगवलेला आहे. पत्र्यांतल्या प्रत्येक लेकराला तो पाठ आहे आणि पद्माबाईंनाही वाचता येतो. पण तो फिरवणं म्हणजे दुसऱ्याच्या घरावरचं झाकण आपल्या हातानं काढणं. गाडी येईल, पोरीला घेऊन जातील, रत्नपालच्या हातात बेड्या घालतील, सपनानं मांडलेल्या घराचं वाटोळं होईल आणि त्याला कारण आपण होऊ. असं सगळ्यांना वाटायचं. सगळ्यांना वाटायचं म्हणून ते बरोबर आहे असंही वाटायचं.

एकदा मात्र पद्माबाईंना राहवलं नाही. रत्नपाल एकटा होता तेव्हा त्या त्याच्या दारात जाऊन बसल्या.

“रतन, लेकरू हाय ते. काहून मारून राहिला?”

तो आपल्या हातांकडे बघायला लागला. “मावशी, मलाच समजत न्हाई. हात उठला की थांबतच न्हाई. तिचं तोंड दिवसेंदिवस सपनासारखं दिसून राहिलं. ती माझ्याकडं बघती ना, तवा मला वाटतं सपनाच बघून राहिली, माझं लेकरू काहून राबवतोस म्हनून.”

एवढं बोलून तो ओक्साबोक्शी रडायला लागला. लगेच समोरून जिवनबाईंनी मोबाइलवर गाणं लावलं. त्या गाण्याखाली रत्नपाल रडला आणि पद्माबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पुन्हा हात लावणार नाही, अशी त्यानं सपनाची शपथ घेतली. पद्माबाईंचा जीव भांड्यात पडला. हे काम आपल्याला जमलं, असं म्हणून त्या दिवशी त्या समाधानानं जेवल्या. शपथ महिनाभर टिकली असेल.

तो दिवस थंडीचा होता, उन्हं छान पडली होती. बायका दोन्ही ओळींच्या मधल्या जागेत तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. दुपारी टँकर येऊन गेला. पुनी त्या वेळी शाळेमागे पोरींबरोबर सागरगोटे खेळत होती. तिला टँकरचं भान राहिलं नाही. घरात पाण्याचा थेंब नव्हता आणि नेमका त्याच दिवशी रत्नपाल मोंढ्यातून लवकर आला. अंगभर पोत्यांची धूळ, हातपाय धुवायला पाणी नाही.

पुनी घरात शिरली आणि पत्र्यापलीकडे भांडं आपटलं. पुनीची किंकाळी आली. बायकांनी पद्माबाईंकडे बघितलं आणि पद्माबाईंनी गाणं सुरू केलं.

त्या दिवशी आवाज फार सुंदर लागला होता. अशा गोष्टी सांगताना लाज वाटते, पण तसं झालं खरं. थंडीनं गळा स्वच्छ होता, ऊन होतं, पुढ्यात हिरव्या शेंगा होत्या. एक गाणं संपलं. पत्रा अजून वाजत होता, म्हणून त्यांनी दुसरं घेतलं. करुणानं ताल धरला. जिवनबाई मधे मधे आपला बेसूर घालत होत्या आणि बायका हसत होत्या. दुसरं संपलं तेव्हा पलीकडे शांत झालं होतं. देविदास खाटेवरून ओरडला, “मावशी, आजून एक व्हऊ द्या की!” आणि पद्माबाईंनी आणखी एक म्हटलं. ते झाकणासाठी नव्हतं. ते नुसतं आनंदासाठी म्हटलं.

ऊन कललं तशा त्या दुधाची वाटी घेऊन शेजारी गेल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. पुनी जमिनीवर वाकडी पडली होती, एक हात अंगाखाली, भलतीकडे वळलेला, आणि कानातून रक्त येऊन गळ्यापर्यंत वाळलं होतं. रत्नपाल तिच्या उशाशी बसून चमच्यानं तिच्या तोंडात पाणी घालत होता. पाणी गालावरून खाली जात होतं. त्यानं ते पाणी कोणाकडून तरी मागून आणलं असणार.

“मावशी,” तो म्हणाला, “ही वरडत न्हवती. मला वाटलं हिला लागून न्हाई राहिलं.”

वाटी तिथंच पडली. पद्माबाईंनी तेव्हा जी हाक फोडली, तिच्यावर झाकण घालायचं कोणाला सुचलं नाही. देविदासनं रस्त्यावर आडवं होऊन जीप थांबवली. कळमनुरीच्या दवाखान्यात हात बांधला, सलाईन लावलं आणि नांदेडला पाठवून दिलं. पाठवायच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? पद्माबाईंच्या ओठांवर ‘पडली’ हा शब्द आलेला होता. तेवढ्यात मागून रत्नपालच म्हणाला, “मी मारलं.” आणि तो दवाखान्याच्या पायरीवर, पोलीस येईपर्यंत, कुठेही न जाता बसून राहिला.

पुनी वाचली. हात सांधला, थोडा वाकडा. डाव्या कानानं तिला आता ऐकू येत नाही.

पोलीस पत्र्यांत जबाब घ्यायला आले तेव्हा एका खुर्चीवर साहेब बसले आणि माणसं एकेक करून समोर जात राहिली. पोरीच्या ओरडण्याचा आवाज आला होता का? देविदास म्हणाला, गाणं चालू होतं साहेब. करुणा म्हणाली, गाणं चालू होतं. जिवनबाई पदराचं टोक चावत म्हणाल्या, गाण्यात काही ऐकू आलं नाही. कोणी खोटं बोलत होतं असंही नाही. गाणं चालूच होतं. साहेब वैतागले. एवढ्या घरांमधे एकालाही ऐकू येऊ नये म्हणजे काय, कोण गात होतं एवढं?

पद्माबाई उठून पुढे आल्या. “मी गात व्हते,” त्या म्हणाल्या. “आन मला आवाज आला व्हता साहेब. म्हनून तर गात व्हते.”

साहेबांना काही समजलं नाही. समजावून सांगायला गेल्यावर पद्माबाईंच्या ध्यानात आलं की ही गोष्ट पत्र्यांबाहेरच्या माणसाला सांगताच येत नाही. सांगायला गेलं की ती नुसती वाईट दिसते. आणि ती नुसती वाईटच होती की काय, हे त्यांना त्या क्षणापासून कळेनासं झालं.

नांदेडहून पुनीला हिंगोलीच्या एका बालगृहात ठेवलं. तेव्हापासून पद्माबाईंना एकच ध्यास लागला. पोरीला घरी आणायचं. भीमराज फोनवर म्हणाला, “आई, या वयात कशाला हे? तुझंच बघायला कोनी न्हाई.” त्यांनी त्याच्यावर आवाज चढवला आणि समोरून कोणी झाकण घातलं नाही. पुनीला दवाखान्यात नेलं त्या दिवसानंतर पत्र्यांत कोणीच कोणासाठी घालत नव्हतं. भांडणं उघडी ऐकू यायची आणि लोक मान खाली घालून ऐकायचे. पद्माबाईंनी खोली आतून सारवली, शाळेच्या बाईंकडून पुस्तकं मागून आणली, एक लहान खाट मिळवली आणि ती रत्नपालच्या रिकाम्या खोलीच्या पत्र्यापासून लांब, दुसऱ्या कडेला लावली. लेकरांचं बघणाऱ्या सरकारी समितीकडे अर्ज दिला. अंगठा न लावता सही केली, एकेक अक्षर दाबून.

महिन्यातून मिळेल तेव्हा त्या जीपनं, मग बसनं हिंगोलीला जायच्या. पुनी समोर येऊन बसायची. लाडू खायची, पुस्तक बघायची, विचारलेल्याचं उत्तर द्यायची. पाया पडायची. पण मांडीवर येत नव्हती. कानाचं दुखणं आहे, बुजलेलं लेकरू आहे, घरी आलं की मोकळं होईल, असं पद्माबाई परतीच्या वाटेवर स्वतःला सांगत यायच्या.

समितीनं बालगृहात बोलावलं त्या दिवशी त्यांनी ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलं. पुनीसाठी नवा फ्रॉक घेतला होता, घरी येताना घालायला. समितीच्या बाई बोलायला चांगल्या होत्या. त्यांनी पद्माबाईंना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं.

“आजी, आम्ही चौकशी केली. तुमच्याबद्दल सगळे चांगलंच बोलतात. आमची काही हरकत नव्हती,” त्या म्हणाल्या. “पण मुलीला विचारावं लागतं. ती यायला नाही म्हणते.”

पद्माबाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “लहान हाय, बाई. तिला समजलं नसंल. मला एकबार तिच्या तोंडून ऐकू द्या. मी काही बोलनार न्हाई तिला.”

पुनीला बोलावलं. तिथल्या नियमानं केस बारीक कापले होते, गळ्याची शीर दिसत होती. ती उजवा कान पद्माबाईंकडे येईल अशी तिरपी बसली.

“पुने, माझ्याकडं काहून येत न्हाईस माय? मी कधी मारलं का तुला?”

“न्हाई.”

“कधी उपाशी ठेवलं?”

“न्हाई आजी. तू चांगली हायेस.”

“मंग गं?”

पुनीनं समितीच्या बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मग ती सांगायला लागली. रागानं नाही, रडूनही नाही. शाळेतून घरी कुठल्या वाटेनं जायचं ते कोणी विचारावं आणि आपण सांगावं, तसं.

“पप्पा मारायला लागले की मी पहिले लई जोरात वरडायचे. तुला ऐकू जावं म्हनून. तू पत्र्यापल्याडच बसलेली राहायचीस ना. मग तू गानं म्हनायला लागायचीस. मग मला समजायचं, आजीला ऐकू गेलं, आन आता कोनी येनार न्हाई. मग मी वरडायचं बंद करायचे.”

समितीच्या बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“इथं एक पोरगी हाय, रूपा,” पुनी म्हणाली. “ती झोपेत वरडती. तर इथल्या बाई उठून येतेत तिच्याकडं. रोज येतेत.” थोडं थांबून ती म्हणाली, “मी इथंच राहू का, आजी?”

“राहा माय,” पद्माबाई म्हणाल्या. “राहा. बराबर हाय तुझं.”

मग त्या रडल्या. तोच आवाज होता, शिवार ओलांडून जाणारा, आणि तो दाबून धरायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. बाहेर बाकांवर इतर लेकरांची माणसं बसली होती, ती वळून आत बघायला लागली. समितीच्या बाई पाण्याचा ग्लास पुढे करत होत्या, पण पद्माबाईंना तो दिसत नव्हता. पुनी खुर्चीवरून उतरून जवळ आली. तिनं आपला वाकडा हात पद्माबाईंच्या तोंडावर हलकेच ठेवला आणि म्हणाली, “हळू आजी, हळू. बाहेर लोकं हायेत.”

मग ती गेली आणि दार लावून आली.